नावाआधी आवाज

सुमनबाई पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवू लागल्या की सगळा वर्ग तळहात तोंडासमोर धरून बसे. फळ्यावर पी लिहिलेला असे, पण त्याला पी म्हणायची बंदी. ओठ मिटायचे, झटकन उघडायचे, तळहाताला वारा लागला पाहिजे. "हवा लागनी का हातले?" असं विचारत बाई रांगांमधून फिरत. मग बी लिहीत. आता हात गळ्यावर ठेवायचा आणि तो थरथरतो का ते बघायचं. दारावरून जाताना मला तो वर्ग कमी आणि दवाखाना जास्त वाटे.

नंदुरबार भागातल्या रनाळ्याच्या अलीकडच्या एका गावात आम्ही पाच वर्षं एका शाळेत होतो. मी चौथीला शिकवायचो, त्या पहिलीला. प्रमाण मराठी त्या तपासणीला साहेब आले की बोलत, एरवी पोरांशी आणि माझ्याशीही अहिराणीच. अक्षरांची इंग्रजी नावं होळीपर्यंत सांगायची नाहीत, हा त्यांचा नियम. "नाव मानुसले लागस, अक्षरले आवाज लागस," असं त्या म्हणत. मला तो निव्वळ हट्ट वाटे, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही होतं.

पाचव्या वर्षी त्यांच्या वर्गात खुशी होती, गावातल्या किराणा दुकानवाल्या मारवाडी शेठजींची नात. संक्रांतीनंतर शेठजी शाळेत आले. पोरीला अजून एबीसीडी येत नाही. सोमवारपर्यंत आली नाही तर नंदुरबारला इंग्लिश मीडियमला घालतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पोरगी तीन अक्षरांचे शब्द वाचते, तेवढं ऐकून जा, असं बाई म्हणाल्या. शेठजींना घाई होती.

पटावरची पोरं घटली की एक शिक्षक कमी होतो, आणि सेवेत सगळ्यांत नवा मी. बाईंना न विचारता तीन दिवस मधल्या सुट्टीत मी खुशीला बसवलं आणि एबीसीडी घोकून घेतली. सोमवारी तिने ती झेडपर्यंत एका दमात म्हटली. शेठजींनी सगळ्या वर्गाला गोळ्या वाटल्या.

मंगळवारी बाईंनी फळ्यावर इंग्रजीत 'पेन' लिहिलं. "पी, ई, एन," एवढं म्हणून खुशी थांबली. पुढे काही येईना. आदल्याच आठवड्यात हा शब्द तिने वाचला होता. बाईंनी मला मुद्दाम बोलावून ते ऐकवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, पोर शाळामा ऱ्हायनी, पन तिनं वाचनं गयं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तिच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि रोज अर्धा तास मला शेजारी बसवलं. खुशी मात्र बिचकली होती. शब्द दिसला की नावंच म्हणे. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या तेव्हाही ती अडखळतच होती. जाण्याआधी मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांनी दुसरीचा वर्ग माझ्या गळ्यात घातला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी खुशीने न थांबता इंग्रजीच्या चार ओळी वाचल्या. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने चारही ओळी पुन्हा वाचून दाखवल्या. फोन माझ्याकडे आला. बाई म्हणाल्या, "आते तुम्हले शिकाडता येवाले लागनं, गुरुजी."

नोकरीला मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.