आबांना हटकणारा माणूस

आबांबद्दल मी लिहावे हे खरे तर शोभत नाही. माझे वडील त्यांच्या घरी सालदार होते, आणि सालदाराच्या मुलाने मालकाचे गुणदोष कागदावर मांडावेत असे आमच्या कोरीटला कधी घडलेले नाही. शिवाय माझे लिहिणे आजवर परीक्षेच्या उत्तरांपुरतेच. चुकेल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे. आबांसारखे एखादे माणूस आपण सर्वांनीच पाहिलेले असेल, एवढ्याच भरवशावर धीर करतो.

आबांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नसे. तालुका बोर्डाचे अध्यक्ष झाल्यावर त्यांचा हा चांगुलपणा त्यांच्या जिवावर उठला. एकदा त्यांनी एकाच दिवशी दोन गावांना एकच पूल कबूल केला आणि घरी येऊन, तोंडावर पागोटे ओढून, भरदुपारी ओट्यावर आडवे झाले. काय झाले म्हणून घरच्यांनी विचारले, तर पागोट्याखालून एवढेच म्हणाले, “माले कोनी हटकत नही.”

त्यांना खरी धास्ती होती ती शाळेची. गावाबाहेर भिलाटी आहे, भिल्लांची वस्ती. तिथल्या पोरांना गावातल्या शाळेत कुणी बसू देत नसे. अध्यक्ष झाल्यावर आबा प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेले, तापीत उभे राहिले आणि हातात पाणी घेऊन भिलाटीच्या म्हाताऱ्यांना म्हणाले की पहिली शाळा तुमची. शब्द मनापासून दिला होता. पण शहाद्याकडचे त्यांचे व्याही तीच शाळा आपल्या गावाला मागत होते आणि दर सणाला येऊन बसत होते. वेळ आली की आपण वाकणार, हे आबांना स्वतःबद्दल पक्के ठाऊक होते.

अशात जिल्ह्याच्या सभेत एका पाहुण्या वक्त्याने सांगितले, की पुढाऱ्याने नीतीचा एक सल्लागार नेहमी जवळ ठेवावा. आबांना बुडत्याला ओंडका सापडल्यासारखे झाले. पण माणूस ठेवायचा म्हणजे कसा, हे त्यांना एकाच रीतीने माहीत होते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो. वर्षाचे धान्य, धोतरजोडी, नवा जोडा. आबांनी नीतीचा सल्लागारही आखाजीलाच, सालाने ठेवला.

पहिला आला एक निवृत्त हवालदार. कडक म्हणून ख्याती होती. पण तीस वर्षे साहेबांपुढे उभे राहिल्यामुळे आबा नुसते खाकरले तरी तो टाचा जुळवी. आबांनी विचारले, हे बरोबर का, की तो म्हणे, “जी, अगदी बरोबर.” आबांनी नेमके उलटे विचारले, तरी तेच. दुसऱ्या साली प्रकाशाचे एक भटजी आले. त्यांच्याजवळ प्रत्येक पापावर प्रायश्चित्त होते, त्यामुळे ते कधी अडवतच नसत. पुढे काय करायचे ते आधीच सांगून ठेवत. त्या वर्षी थंडीत आबांनी तापीत इतक्या बुड्या मारल्या की त्यांचा खोकला फाल्गुनापर्यंत हटला नाही. तिसरा आमच्या गावचा बुधा, भांडखोर म्हणून पाच गावांत नावाजलेला. त्याने देवळातल्या देवालाही सोडले नव्हते. आबांना वाटले, हा तरी आपल्याला धरील. पण मालकाची धोतरजोडी अंगावर आली आणि बुधाला आबांमध्ये एकही खोट दिसेना. उलट आबांना नावे ठेवणाऱ्यांवर तो लाठी घेऊन धावू लागला. “हाऊबी गया,” आबा माझ्या वडिलांना म्हणाले. वडील बैलांपुढे चारा टाकत होते. ते हसले नाहीत.

चौथ्या आखाजीला मी सुरतेच्या कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. मला मॅट्रिकपर्यंत नंदुरबारला ठेवण्याची गळ आबांनीच वडिलांना घातली होती. त्यांनी मला बोलावले आणि नवा जोडा माझ्यापुढे ठेवला. “तू शिकेल शे. तू खरं सांगशी.” मी नको म्हणायला हवे होते. पण माझ्याही तोंडून तो शब्द निघाला नाही.

चारच दिवसांनी व्याही आले. शाळेचा कागद आबांच्या मांडीवर होता, टाक हातात होता. व्याही बोलत राहिले, नात्याचे, लेकीच्या सुखाचे. आबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नदीच्या ओढीत सापडलेला माणूस काठाकडे पाहतो, तसे ते डोळे होते. “सांग बेटा, काय करू?”

मला सगळे माहीत होते. भिलाटीच्या पोरांबरोबर मी ढोरे चारली होती. मी खाली पाहिले, तर पायांत त्यांचा जोडा. मी म्हणालो, “आबा, आपण ठरवाल ते योग्यच असेल.”

आबांनी सही केली. दारात वडील पेंडीची पाटी घेऊन उभे होते. ते तसेच गोठ्यात गेले. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “हवालदार बरा व्हता. तो शिकेल तरी नव्हता.”

मी सुरतेला परतलो. जोडा पेटीच्या तळाशी ठेवला. आबांना पत्र लिहायला चार वेळा बसलो आणि चारही वेळा खुशाली लिहून थांबलो.

काल वडिलांचे पत्र आले. त्यांना लिहिता येत नाही. गावच्या मास्तरांनी ते बोलले तसे उतरवले आहे. आबा आठ दिवस अंथरुणावर होते. शेवटच्या दिवशी ते उशाशी बसलेल्यांना एकसारखे विचारत होते, मी पाणी हातात घेऊन बोललो होतो ना? व्याही म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. भटजी म्हणाले, गोदान करू. वडील पाणी द्यायला आत गेले होते. ते म्हणाले, “हां आबा, बोलना व्हतात. आनि तुम्ही चुकनात.”

 आबा वडिलांना म्हणाले, “झिपरू, अठरा साल तू मन्हाच गोठामा व्हता, आनि मी गावभर हिंडनू.” त्यांनी बोर्डाला लिहायला कागद मागितला. वडील मास्तरांकडे धावले. कागद घेऊन येईपर्यंत आबा गेले होते.

पत्राच्या घडीत एक कोरा कागद निघाला. शेवटची ओळ अशी आहे: “तो कागद तुले धाडेल शे. तुले लिखता येस.”