आमच्या दाजींची वेबसाईट

आमच्या दाजींच्या मुतखड्याचा फोटो साऱ्या जगाला बघायला खुला होता. शेजारी रुपयाचं नाणं ठेवलेलं, आकार कळावा म्हणून. खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘लेखकाने हा खडा शस्त्रक्रियेविना, केवळ पाणी पिऊन बाहेर काढला.’ हा ऐवज जगापुढं कशाला मांडायचा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “नोंद राहिली पाहिजे.” थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी गप्प बसलो. आमच्याकडं दाजींना उलट बोलायची पद्धत नाही. मनातल्या मनात बोलायला मात्र कुणाची आडकाठी नसते, आणि ते मी त्यांच्या हयातीत नेमानं केलं.

दाजी मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात होते. खोलीभर मशीन, त्यात भोकं पाडलेली कार्डं घालायची, बाहेर आलेले कागद फाडून साहेबाच्या टेबलावर ठेवायचे, एवढंच त्यांचं काम. सांगायचे मात्र अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं मशीन यांनीच जोडलं. “लोकांची पोरं लहानाची मोठी होतात, माझं मशीन माझ्या डोळ्यांदेखत मोठ्याचं लहान झालं,” हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर मिळायचं. नव्वदचं दशक सरता सरता कंपनीनं जुन्या माणसांच्या हातावर पैसे ठेवून त्यांना घरी पाठवलं. दाजी आमच्या गावात, राजारामपुरीतल्या फ्लॅटवर राहायला आले आणि पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर घेऊन बसले. आक्का माझ्या दुकानात येऊन म्हणाली, “फ्रीज घ्या म्हणलं, तर ह्यो डबा आनलाय.”

त्या डब्यावर त्यांनी स्वतःची वेबसाईट काढली. कुठलीशी परदेशी कंपनी फुकट जागा देत होती. उघडली की आधी दाजींचा पासपोर्ट फोटो, मग त्यांचं जीवनचरित्र, मग तो खडा. तळाशी एक चित्रातला माणूस फावड्यानं खड्डा खणत असायचा आणि वर लिहिलेलं, ‘काम चालू आहे’. तो माणूस वर्षानुवर्षं खणत होता, काम काही पुढं सरकलं नाही. हे सगळं वाचायला यायचं कोण? मराठी अक्षरं दिसायला आधी मशीनमध्ये एक फॉन्ट घालावा लागे, नाहीतर पानभर मुंग्या. तो फॉन्ट फ्लॉपीत भरून दाजी खिशात घेऊन हिंडायचे. लोक लग्नात पाकीट देतात, हे फ्लॉपी द्यायचे. ज्यांच्या घरात मिक्सरशिवाय दुसरं मशीन नाही अशांनाही त्यांनी ती दिली आहे.

साईटवरचं सगळ्यात भयंकर पान म्हणजे ‘पंगत’. दाजी जिथं जेवत, त्याचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी तिथं लागे. बारसं, मुंज, लग्न, कुणाची सुटका नव्हती. ‘मसालेभात ठीक. वाढपी उद्दाम.’ ‘यजमान स्वतः आधी जेवले.’ पुढं हा माणूस ताटावरून उठून दुकानांत शिरला. माझं पंपसेटचं दुकान. त्याबद्दल लिहिलं, ‘मालक उद्धट, परंतु मोटर बरी.’ सख्ख्या मेहुण्याबद्दल! मी ते काढा म्हणालो. “खोटं आहे का?” त्यांनी विचारलं. “मग काढू कशाला? तुझं उत्तर दे, मी खाली छापतो. तसा नियमच आहे माझा.” मी काही दिलं नाही. असल्या माणसाला उत्तर देणं म्हणजे त्याला भाव देणं.

घरात आक्कानं त्यांचा नाद सोडला होता. दाजी इंटरनेट लावायचे तेव्हा घरातला फोन अडकून पडायचा, तिला मैत्रिणीशीही बोलता यायचं नाही. ती ताट कॉम्प्युटरशेजारी ठेवायची आणि शेजारणीकडं निघून जायची. एकाच छताखाली दोघांनी दोन वेगळे संसार मांडले होते. त्यातल्या त्यात वैशाली, माझी भाची, बापाला अधूनमधून विचारायची की आज काय नवीन. तीही बी.कॉम. झाली आणि तिचं लग्न ठरलं.

स्थळ इचलकरंजीचं. चार पैसे बाळगून असलेलं यंत्रमागवालं घर, मुलगा शांत आणि वैशालीला मनापासून आवडलेला. साखरपुडा त्यांच्याच घरी झाला. नवरदेवाला कोटाचं कापड देताना दाजींनी त्याच्या हातात फ्लॉपीही कोंबली. “फॉन्ट आहे. साईट वाचत जा.” जावई आज्ञाधारक निघाला. चौथ्या दिवशी नेट कॅफेत जाऊन त्यानं ती घातली आणि साईट उघडली. समोर काय? ‘इचलकरंजी दौरा. जिलेबी कडक. विहीणबाईंचा आवाज माग चालू असतानाही स्पष्ट ऐकू येतो.’

संध्याकाळी तिकडून फोन आला: ते पान उतरवा, नाहीतर सोयरीक मोडली समजा. वैशाली रडून रडून आजारी पडायची वेळ आली. आक्कानं हात जोडले, मी पहिल्यांदाच आवाज चढवला. पोरीचं आयुष्य जिलेबीवर उधळताय का, म्हणालो. दाजी हललेसुद्धा नाहीत. “त्यांनी उत्तर द्यावं. छापतो.” त्या दिवशी मला या माणसाची खरोखर किळस आली.

दुसऱ्या दिवशी व्याही स्वतःच आले. धिप्पाड गडी, पांढरी टोपी, आवाज जिन्यातूनच वर येत होता. “पावणं, आमच्या घरात जेवला आन् आमच्याच जिलबीला नावं ठिवली व्हय?”

“कडक होती की नव्हती?”

“व्हती की! म्हनून जगाला सांगायचं?”

“तुम्हीही सांगा,” असं म्हणून दाजींनी त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि स्वतः कीबोर्डवर हात ठेवून बसले. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मग ते सुटलेच. “लिवा. पोरगी बघाय आलतो तवा च्या गार हुता. पोह्यातलं शेंगदानं खवाट हुतं. खुर्ची डुगडुगत हुती, मी पडता पडता वाचलोय.” दाजी शब्दाला शब्द टाइप करत होते. “आन् ह्ये बी लिवा. ह्या मानसासंगं त्येच्या घरात कोन बोलत न्हाय. म्हनून ह्यो मशिनीसंगं बोलतोय.”

आक्का चहा घेऊन दारात उभी होती. दाजींचा हात थांबला. मग ते वाक्यही त्यांनी टाइप केलं, शेवटी टिंब दिलं आणि विचारलं, “पुढे?”

व्याही वरमले. “ऱ्हाऊ द्या की त्ये. रागात बोलून गेलो.”

“नाही. माझं मी काढलं नाही, तुमचं कसं काढू?”

व्याही चहाचा कप उचलून मला म्हणाले, “मानूस येडा हाय, पर लबाड न्हाय. ह्येंची पोरगी कराय माजी काय हरकत न्हाय.” महिन्याभरात लग्न झालं. व्याह्यांनी आपलं उत्तर निम्म्या इचलकरंजीला नेट कॅफेत नेऊन दाखवलं म्हणे. दाजींच्या साईटला आयुष्यात मिळालेली गर्दी तेवढीच.

वैशाली सासरी गेल्यावर आक्का दुपारी शेजारणीकडं जाईनाशी झाली. ताट ठेवायची आणि समोर खुर्ची ओढून बसायची. “आज काय लिवलंसा?” दाजी आधी खेकसले. मग सांगायला लागले. मग दुकानात येऊन माझ्याकडं तक्रार करायला लागले, “तुझी बहीण हल्ली फार बोलते, काम होत नाही.” तक्रार करताना चेहरा मात्र नवीन लग्न झालेल्या माणसासारखा. साईटवर महिन्याला एखादी ओळ पडू लागली, मग तीही बंद झाली. जेवताना समोरच्या माणसाला सगळं सांगून झाल्यावर लिहायला उरणार काय? काही काळानं परदेशी कंपनीनं फुकट जागा काढून घेतली आणि खड्ड्यासकट सगळं गेलं. दाजींनी हळहळसुद्धा केली नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत हृदयविकारानं तेही गेले. त्यांच्याइतका आढ्यताखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांची मला फार आठवण येते. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी आक्काजवळ बसलो. समजूत घालायची म्हणून म्हणालो, पोरीचं चांगलं झालं, दाजींनी हाल काढले नाहीत, पिकलं पान होतं, आणखी काय पाहिजे.

आक्का भिंतीकडं बघत होती. म्हणाली, “माज्यासंगं आत्ता कुटं बोलाय लागलेते रे.”