खिडकीतली वायर

बदली होऊन शहाद्याला आले, त्याला तीन वर्षं झाली. ऑफिसातली माणसं माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची. आपसात अहिराणी चालायची, मी टेबलाशी गेले की सगळे सावरून बसायचे. कोणी वाईट वागत नव्हतं, पण मला रोज पाहुणी असल्यासारखं वाटायचं. तीन वर्षांची पाहुणी म्हणजे फारच झालं.

मग आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पार्किंगमध्ये प्लग नव्हता, म्हणून माझ्या खिडकीतून वायर आत यायला लागली. त्या बाहेर गाडीपाशी, मी आत सॉकेटपाशी. एकमेकींचं तोंड दिसत नसायचं, त्यामुळे ओरडावं लागायचं, आणि ओरडताना कोण ऑफिसचं मराठी बोलतं!

"ताई, पिन लावी दे व!"

"काय करी ऱ्हायनी व ताई, जेवनी का?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत उत्तर द्यायचे आणि बाहेरून खो खो हसू यायचं. आणखी दोघांनी स्कूटर घेतल्यावर तर माझ्या खिडकीशी नंबर लागायला लागले. मला ते फार आवडायचं. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

एकदा साहेबच त्या वायरीत अडखळले. पार्किंगमध्ये रीतसर चार्जर बसवायचं ठरलं आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण खिडकी माझी. विक्रेता फास्ट चार्जरसाठी हटून बसला होता. मी म्हटलं, "अहो, आमच्या गाड्या दहा ते सहा जागच्या हलत नाहीत. घाई कुणाला आहे?" साधा, सावकाश चार्ज करणारा, तीन गाड्यांचा चार्जर ठरवला. आहे तो वीजजोड त्याला पुरत होता.

राहिला जागेचा प्रश्न. माझ्या खिडकीखाली दुपारभर रखरखीत ऊन, पावसाळ्यात घोटाभर पाणी. फाटकाजवळ पक्की शेड. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी दोन दिवस कागद अडवून धरला. दोन गप्पांसाठी विजेचं यंत्र पाण्यात उभं करायला निघालेली बाई! माझी मलाच लाज वाटली. 'फाटकाजवळ' असं लिहून सही केली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

चार्जर उत्तम चालतो. खिडकीशी मात्र कोणी येत नाही. आठवडाभर वाट पाहून एका दुपारी मीच शेडकडे निघाले. जाताना अहिराणीतलं एक वाक्य मनाशी घोकत होते. बाई आणि ते दोघं चार्जरपाशी हसत-बोलत उभे होते. मला पाहताच तिघंही सावरून उभे राहिले.

"काही काम होतं का, मॅडम?" बाईंनी विचारलं.

माझ्याकडे ना गाडी होती, ना काम.

"नाही, जरा पुढे चालले होते," मी म्हणाले. शेडच्या पुढे कंपाउंडची भिंत होती.