पंचवीस शब्द, सव्वीस उत्तरं

"पाणी," हेडफोनमधला बाईचा आवाज म्हणाला.

"नको बाई, आत्ताच प्याले," ठकूबाई म्हणाल्या.

मी फॉर्मवर फुली मारली.

"रस्ता."

"झाला की. पार घाटापतुर झाला."

फुली.

"साखर."

"मला न्हाई चालत. शुगर हाय."

फुली.

"चावी."

"सुनंकडं."

मी कानाच्या शस्त्रक्रियांवर संशोधन करतो. ऑपरेशन सर्जन करतात. त्यानंतर ऐकू किती येतं, हे मोजणं माझं काम. ठकूबाई घाटघरच्या. दोन्ही कानांचे पडदे फाटलेले. उजव्या कानाला नवा पडदा बसवून झाला होता. डावा करायचा की नाही, हे आजच्या स्पीच टेस्टवर होतं. ही टेस्ट सोपी असते. हळू आवाजातला शब्द ऐकायचा आणि जसाच्या तसा परत म्हणायचा. शब्द पंचवीस. निम्मेही बरोबर आले नाहीत, तर आमच्या प्रोटोकॉलप्रमाणे ऑपरेशन फसलं, आणि दुसऱ्या कानाला हात लावायचा नाही.

ठकूबाई रस्त्याकडेला म्हशी चारतात. डावीकडून येणारी जीप त्यांना अंगावर आल्यावरच कळायची. दोनदा थोडक्यात वाचल्या होत्या.

यादी संपली. पंचवीस फुल्या.

"आजी, शब्द नुसता परत म्हणायचा," मी चौथ्यांदा सांगितलं.

"आवं डाक्टर, ती बाई एवढं मायेनं बोलती, अन् मी तिचंच तिला परत म्हनू? येडावल्यावानी न्हाई का व्हायचं?"

"आत्या, डाक्टर म्हनत्यात तर म्हना की!" दारातून त्यांची सून सुमन म्हणाली.

"तू गप. तुला हाय सवय येडावायची."

मी पुण्याला आमच्या मॅडमना फोन लावला. अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली चालतो.

"शब्द परत म्हटले?"

"नाही. उत्तरं दिली."

"मग झीरो."

"मॅडम, ऐकल्याशिवाय उत्तर देता येतं का?"

"फॉर्मवर उत्तरांचा रकाना आहे का?"

नव्हता.

"दुसरी यादी लावा. एकदाच. आणि शब्द त्यांच्या तोंडून आला पाहिजे."

मी दुसरी यादी काढली. मग म्हणालो, "आजी, ह्या बाईंचं बोलणं तुम्हालाच ऐकू येतंय. त्या काय म्हणतात, ते मला सांगाल?"

त्यांचा चेहरा उजळला. त्या खुर्चीत सरसावून बसल्या. बाईचं बोलणं बाईला ऐकवणं म्हणजे वेडावणं. तेच तिसऱ्याला सांगणं म्हणजे काम.

"म्हनती, खिडकी."

बरोबर.

"म्हनती, भाकर. भुकेजलीय वाटतं."

बरोबर.

अठरा शब्द बरोबर आले. मग त्या म्हणाल्या, "आता खोकती."

माझं पेन थांबलं.

तो आवाज माझ्या बायकोचा. ती मराठीची शिक्षिका होती. घरातली सगळ्यात शांत जागा म्हणून साड्यांच्या कपाटात डोकं घालून तिने हे शब्द म्हटले होते. दुसऱ्या यादीत अठराव्या शब्दानंतर ती हळूच खोकली. तेव्हा ठरलं होतं, हे काढून टाकू. दोन वर्षांपूर्वी ती गेली. खोकला तसाच राहिला.

"आडुळसा द्या तिला," ठकूबाई म्हणाल्या.

"देतो," मी म्हणालो, फॉर्मवर खोकल्याचीही खूण केली आणि पुढचा शब्द लावला.

फॉर्मचा फोटो पाठवल्यावर मॅडमचा फोन आला. "शब्द पंचवीस, उत्तरं सव्वीस कशी?"

"एक खोकला आहे. रेकॉर्डिंगमधला."

"शब्दांपेक्षा हळू?"

"बराच."

"मग पास. डावा कान करायला सांगा. आणि तो खोकला काढा. स्टँडर्ड नाही तो."

"हो," मी म्हणालो.

डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. पुढच्या तपासणीला ठकूबाई फडक्यात अडुळशाची पानं बांधून आल्या. मी डाव्या कानाला हेडफोन लावला, दुसरी यादी सुरू केली. अठराव्या शब्दानंतर त्या माझ्यावर डाफरल्या, "दिला न्हाई न्हवं आडुळसा? अजून खोकती ती!"

फॉर्मवरची सूचना आम्ही बदलली आहे. आता तिथे लिहिलंय: 'बाई काय म्हणतात ते आम्हाला सांगा.' यादीतल्या सगळ्याच शब्दांवर फुली पडली, तर आधी सूचना वाचून पाहावी, एवढं मी यातून शिकलो.

खोकला काढलेला नाही. इतकी खात्रीची टेस्ट आमच्याकडे दुसरी नाही.