शोधकाच्या रकान्यातली नावं

मी हे लिहितोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे अर्ज लिहिणं, तोही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. पण मला बऱ्याच माणसांचे आभार मानायचे आहेत. एकदा ते चुकीच्या जागी मानायला गेलो होतो, म्हणून आता इथे मानतो.

मी तोक्योत मास्टर्स करतो आणि शहरातल्याच हिगाशी-कसाई भागात राहतो. आमच्याच इमारतीत पुण्याच्या एक काकू आहेत. पहिल्या वर्षी मला धड जपानी येत नव्हतं तेव्हापासून त्या दर रविवारी मला जेवायला बोलावतात. त्या आपल्या मुलीला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून शेजारच्या कोतो भागातल्या शाळेत सोडतात. पावसात सीटवर प्लॅस्टिकचं आवरण घालावं लागतं. शाळेपाशी ते उघडलं की वर साचलेलं पाणी सगळं मुलीच्या मांडीवर.

"त्सुमेताई," मुलगी कुरकुरायची. म्हणजे गार लागतंय.

"इंजिनिअर ना रे तू?" काकू एकदा मला म्हणाल्या. "मोठमोठं काय ते नंतर कर. आधी एवढं करून दे."

मी आवरणात एक वाकवलेली तार बसवली. दोरी ओढली की तार उभी राहायची आणि पाणी मागे ओघळायचं. एक हात हँडलवर ठेवूनही आवरण उघडता यायचं. तरी थोडं पाणी कडेनं आत यायचंच. ते मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाबा आमच्या तालुक्याच्या गावी रिक्षांचे हूड आणि पावसाळी पडदे शिवतात. चार दिवसांनी त्यांनी रेक्झिनचा एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. त्याचा काठ बाहेरच्या अंगाला दुमडून शिवला होता आणि दोन्ही टोकं मोकळी ठेवली होती. त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. ते दुमडीतून सरळ टोकाला गेलं आणि बाहेर पडलं.

तशीच दुमड मी आवरणाला घातली. पुढच्या पावसात मुलगी कोरडी शाळेत पोचली.

आमच्या प्रोफेसरांनी ते पाहिलं आणि पेटंटसाठी अर्ज करायला सांगितलं. विद्यापीठानं मला पेटंटचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. माहितीच्या कागदावर 'शोधक' असा रकाना होता. मी त्यात चार नावं भरली. सगळ्यात वर प्रोफेसर, मग मला शिलाई मशीन शिकवणारा लॅबमधला सिनिअर, मग काकू, आणि शेवटी मी. लग्नपत्रिकेत घालतात तशी, मानानं आणि कुणी राहू नये अशी.

बाईंनी काकूंच्या नावावर पेन्सिल टेकवली. "यांना काय सुचलं?"

"अडचण त्यांची होती."

"अडचण पुष्कळांची असते. आणि प्रोफेसरांना?"

"लॅब त्यांची आहे. ते नसते तर मी इथे नसतो."

"मग त्यांना छान पत्र लिहा," त्या म्हणाल्या. "इथे फक्त ज्याला सुचलं त्याचं नाव. चुकीची नावं गेली तर पुढे पेटंटच अडचणीत येतं." सिनिअरचं नावही गेलं. मग त्यांनी आकृतीतल्या आवरणाच्या काठाकडे बोट दाखवलं. "ही दुमड तुमची?"

"वडिलांची."

"त्यांचं नाव दिसत नाही."

ते माझ्या मनात आलंच नव्हतं असं नाही. नावापुढे व्यवसाय लिहावा लागेल, असं वाटलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

रिक्षाच्या पडद्यांना अशी दुमड आधीपासून असते का, तेही विचारून घ्या, असेल तर तो नवा शोध ठरणार नाही, असं बाईंनी सांगितलं. मी घरी फोन केला.

"रिक्षाला कशाला लागेल?" बाबा म्हणाले. "तिथं पडदा उभा असतो. हे तुझ्या सायकलीसाठी काढलं." मग मी नावाचं सांगितलं, तर म्हणाले, "माझं नको. त्यांनी शाळेचा दाखला मागितला तर? मी आठवी नापास. माझ्यापायी तुझं अडायचं."

मी ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "कायदा शाळा विचारत नाही," म्हणाल्या, "सुचलं कुणाला एवढंच विचारतो. हे त्यांना तुमच्या भाषेत नीट समजावून सांगा." त्यासाठी त्यांनी मला दोन दिवस दिले. बाबांचा एकच प्रश्न उरला होता, सही मराठीत चालेल का. चालणार होती.

नाव काढल्याचं काकूंना सांगताना मी फार चाचरत होतो.

"काढलंस का? बरं," काकू म्हणाल्या. "मग या रविवारी त्या वकीलबाईंकडेच जेव." आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.

वर्षभरानं पेटंट ऑफिसचं पत्र आलं. त्यात अर्ज नाकारण्याची कारणं होती. तारेनं वर उचलायचं एक आवरण आधीच कुणीतरी केलं होतं. बाबांना मी फक्त "वेळ लागतोय" एवढंच सांगितलं. बाईंनी हक्काचा मजकूर नव्यानं मांडून त्याला उत्तर लिहिलं, आणि त्यातला प्रत्येक शब्द मला समजेपर्यंत मला समोर बसवून ठेवलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा मेल आला. नुसत्या तारेवरचा हक्क मिळाला नाही. तार आणि दुमड एकत्र असलेलं आवरण मंजूर झालं आहे. शोधक दोन, बाबा आणि मी.