पंगतीचा फोल्डर

माझ्या दुकानातला माउस ड्रॉवरमध्ये झोपलेला असतो. शेलूबाजारात मी लग्नाचे फोटो काढतो, आणि माझा कॉम्प्युटर इतका म्हातारा आहे की लग्नाचा फोल्डर नेहमीच्या खिडकीत उघडला तर एकेक चित्र दाखवताना त्याला धाप लागते. म्हणून मी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नुसती बटणं दाबून फाइली हाकतो. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर, एल दाबलं की फोल्डरच्या आत, एच दाबलं की बाहेर. समोर गिऱ्हाईक असलं की मी बोटं जरा जास्तच नाचवतो. पेटीवाल्यासारखी मानही हलवतो. कामाला तिची काहीच गरज नसते.

त्या दुपारी साफसफाई चालली होती. प्रत्येक लग्नात ‘पंगत’ नावाचा एक फोल्डर असतो. पंगतीचे फोटो काढले नाहीत तर यजमान चिडतो, पण अल्बमसाठी ते कोणी निवडत नाही, कारण त्यात सगळ्यांचे गाल फुगलेले असतात. अल्बम घरी पोचला की मी ते पुसतो. स्पेस दाबत एकेका पंगतीवर पिवळी खूण करत चाललो होतो. शेवटी सगळ्यांना एकदमच निरोप.

तेवढ्यात मालेगावकडचं, भाजीचा मळा करणारं एक जोडपं आत आलं. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. थोरल्या जावयाने अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटला आणि मिटून ठेवला. त्याचा एकही फोटो नव्हता. आता अधिक महिना लागला होता, आणि धोंड्याच्या जेवणाला आपण येणार नाही आणि बायकोलाही पाठवणार नाही, असा त्याचा निरोप आला होता. मळेवाल्यांना चारचौघांत शोभा होण्याची धास्ती होती. बाईंना मानापमानाचं काही नव्हतं. लेक माहेरी येणार नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मळेवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. “फोटो कुठं हायेत, भाऊ? हे त नुसते नंबर हायेत.”

फोटो नंबरांच्या पोटात आहेत, असं मी सांगितलं. भोंदू वैदूकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

स्टेजचा फोल्डर वेळेच्या क्रमाने लावला आणि एकेक फोटो उघडत गेलो. आत्या, मावश्या, सरपंच, कोणाचे कोण, सगळे होते. जावई नव्हता. तो स्टेजवर आलाच होता, असं मळेवाले ठासून सांगत राहिले.

“ते चढलेच नाई,” बाई हळूच म्हणाल्या. “अक्षता पडल्या अन् पंगतीत जाऊन बसले.”

नवऱ्याने डोळे वटारले. मग, बहुधा काहीतरी आठवून, खाली घातले.

मी एच दाबून बाहेर आलो. शेजारीच पंगत होती, पिवळी. चेहऱ्यावर काही न दाखवता खूण काढली आणि अक्षतांनंतरची वेळ गाठून आत शिरलो. गाल, गाल, नुसते गाल. आणि मग जावई सापडला. सासरे वाकून त्याच्या तोंडात जिलेबी घालत होते. त्याचा एक हात ‘पुरे’ म्हणत वर होता आणि तोंड चांगलं उघडं होतं.

असला फोटो दिला तर तो जास्तच पेटेल, असं मळेवाल्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, त्यालाच दाखवू.

दुसऱ्या दिवशी ते त्याला कसंबसं घेऊन आले आणि स्वतः दारात उभे राहून रस्त्यावरच्या जिपा पाहू लागले. मी फोटो उघडला. जावई पडद्याजवळ वाकला. प्रकाश किती सुंदर पडलाय, असं मी सुरू केलं, तर त्याने हातानेच मला गप्प केलं.

“स्टेजवर त कोनीबी उभं राह्यते,” तो म्हणाला. “मामाजीनं आपल्या हातानं घास कोनाले भरवला? हा मोठा करा. पयल्या पानावर लावा.”

सासऱ्यांनी जिपांवरची नजर न काढताच विचारलं, “मंग धोंड्याले येता ना?”

“अनारसे तळले का?” जावयाने विचारलं.

सासऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.