सहाव्या वर्गातली ग्लेंडा

ग्लेंडा स्ट्राउडचे कितीतरी नाताळ विमानतळाच्या बाकांवर गेले. साधा विमानतळ नव्हे, फौजेचा. डेलावेअरच्या तळावरून मालवाहू विमानं जर्मनीला जायची आणि माल चढवून झाला की उरलेल्या जागा फौजी कुटुंबांना फुकट मिळायच्या. ग्लेंडाचा नवरा हार्लन मास्टर सार्जंट म्हणून निवृत्त झालेला. फुकट ते पौष्टिक, हा त्याचा धर्म. "सरकार नेतंय तर तिकीट कोण मूर्ख काढतो?" असं तो भर जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांनाही सुनवायचा.

सरकार नेतं, पण कसं? घरी कुणी दगावलंय त्यांचा मान पहिला. मग रजेवरचे जवान, मग त्यांची एकटीदुकटी बायकापोरं आणि सगळ्यात तळाला, सहाव्या वर्गात, पेन्शनवाले. ग्लेंडा तर नुसती पेन्शनवाल्याची बायको. नवरा शेजारी उभा असेल तरच तिला जागा. आयुष्यभर वीसेक घरं बदलली, खोकी बांधली नि सोडली, मुलीला दर दोन वर्षांनी नव्या शाळेत रडत सोडून आली, आणि मिळवलं काय, तर त्याच्या ओळखपत्रामागे उभं राहायचा हक्क.

दोन वर्षांपूर्वी मुलीचं, मार्सीचं, जर्मनीत लग्न झालं. तेव्हाही हे दोघं याच बाकावर बसून होते. नाव पुकारलंच गेलं नाही. मार्सी बापाऐवजी सासऱ्याचा हात धरून चर्चमध्ये चालत गेली आणि त्यानंतर कित्येक महिने तिने फोन केला नाही. यंदा मात्र तिनेच बोलावलं. "आई, नाताळला या. पण जागा मिळाली तर येतो, असलं काही ऐकवू नकोस. सरळ तिकीट काढा. या वेळी आला नाहीत तर मी परत बोलावणार नाही."

ग्लेंडाने हे हार्लनला सांगितलं. "लाडावलीये ती," म्हणून तो हसला. इथे बाईने पाय आपटायला हवा होता. नाही आपटला. सवयच नव्हती.

तर पुन्हा तोच हॉल, तोच कृत्रिम नाताळवृक्ष, बाकाखाली बॅगा. सकाळ-संध्याकाळ हजेरी व्हायची. हजेरीला जो सामानासकट समोर नाही त्याची जागा पुढच्याला, हा इथला कायदा, आणि तो सगळ्यांना पाठ असतो. आदल्या दिवशी दोन विमानं त्यांना न घेता गेली. नाताळच्या पूर्वसंध्येच्या विमानात जागा थोड्याच होत्या.

"स्पेशालिस्ट डुप्री, दोन जण!" काउंटरवरच्या वर्दीतल्या बाईने पुकारलं. कुणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं, मग यादीवर काट मारली. यादी संपत आली.

"स्ट्राउड, दोन जण!"

ग्लेंडाने पर्समधून फोन काढला. तिथूनच मार्सीला लावला. "मार्सी, मिळाली गं! जागा मिळाली! येतोय आम्ही!"

"खरंच?" पलीकडे मार्सी रडायलाच लागली. "आई, खरंच ना? मी येते घ्यायला. खोली तयारच आहे तुमची."

तेवढ्यात मघाचा तो डुप्री, वर्दीतला एक कोवळा जवान, बायकोसह धापा टाकत आत आला. बाहेर गाडीत झोप लागली होती दोघांना. नवं लग्न, जर्मनीतला नाताळ बघायचा होता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

हार्लनने त्या पोराच्या वर्दीकडे पाहिलं. छाती पुढे काढली. "आमच्या दोन जागा यांना द्या," तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला.

"सर, तुम्ही खरंच..."

"सर अधिकाऱ्यांना म्हणतात रे, मी काम करून खाल्लंय! जा, फिरवून आण बायकोला."

हॉल हसला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?

ग्लेंडा काउंटरकडे धावली. "त्याची द्या. माझी देऊ नका. मी एकटी जाते."

वर्दीतल्या बाईने मान खाली घातली. "नाही जमणार, मॅडम. ते नसतील तर तुम्हाला नाही बसवता येत."

तोवर मागे टाळ्या सुरू झाल्या होत्या. म्हातारे पेन्शनवाले उठून उभे राहिले. डुप्रीची बायको ग्लेंडाच्या गळ्यात पडली. "किती मोठं मन आहे हो तुमचं!"

"मला कुणी विचारलं नाही, पोरी," ग्लेंडा म्हणाली. टाळ्यांत ते त्या पोरीला ऐकूच गेलं नाही. ती हसत निघून गेली.

फोन अजून चालूच होता.

"आई? टाळ्या कसल्या गं वाजतायत?"

ग्लेंडाने फोन पुन्हा कानाला लावला. "तुझ्या बाबांसाठी," ती म्हणाली.

मार्सीला अधिक सांगावं लागलं नाही. बापाला ती जन्मापासून ओळखत होती.

"बरं," ती म्हणाली. "मग मी ताटं कमी करते."

हार्लन हस्तांदोलनं आटपून घामाघूम आणि खूश होऊन आला. "काय म्हणाली पोरगी?"

"नाताळच्या शुभेच्छा दिल्या," ग्लेंडाने सांगितलं आणि बाकाखालून फक्त स्वतःची बॅग ओढून ती दाराकडे निघाली.